शहराची नाडी बघणारा प्राध्यापक: पॅट्रिक गेडीस

एक ए-फोर कागद घ्या. आडव्या बाजूने तीन सारख्या भागांत दुमडा, मग उभ्या बाजूने तीन. उघडला की नऊ चौकोन मिळतात. आज हेच काम आपण फोनवर शीट्स उघडून करतो, पण 1879 साली पंचविशीतला एक तरुण मेक्सिकोत डोळ्यांना पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत बसला होता, तेव्हा त्याच्याकडे एवढंच होतं. नमुने गोळा करायला गेलेला जीवशास्त्रज्ञ, आणि अचानक दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधारात. बंद खिडकीच्या चौकटींवरून बोटं फिरवताना त्याला सुचलं की विचारसुद्धा असे चौकोनांत मांडता येतील. त्याने कागद दुमडायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर ती सवय सुटली नाही. या घडीच्या कागदांना तो विचार करायची यंत्रं म्हणायचा.

दृष्टी परत आली, पण तासन् तास मायक्रोस्कोपला डोळा लावणं आता झेपणार नव्हतं. म्हणून हा माणूस पेशींकडून माणसांकडे आणि घरांकडे वळला. नाव पॅट्रिक गेडीस. इमारती, रस्ते, झाडं आणि पाणी यांचा माणसावर काय परिणाम होतो, हा विद्यापीठात अभ्यासायचा विषय आहे असं आज आपण सहज म्हणतो. मुंबई विद्यापीठात हा विषय शिकवायला आलेले पहिले प्राध्यापक हेच. मी मालेगावचा. यंत्रमागाच्या आवाजात अभ्यास केलेला आणि रोज मोसमपूल ओलांडणारा. त्यामुळे गेडीसांविषयी वाचताना मला सारखं आमचं गाव दिसत होतं. तुम्ही भिवंडीचे, इचलकरंजीचे किंवा सोलापूरचे असाल तर तुम्हालाही तुमचं दिसेल.

डिग्री नसलेला प्रोफेसर

गेडीसांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावचा. (हो, तीच तारीख, गांधीजींच्या पंधरा वर्षं आधी.) वडील फौजेतले. बालपण पर्थ शहराच्या कडेला, बागेत आणि टेकडीवर गेलं. काही दिवस बँकेत नोकरी केली, ती जमली नाही. मग लंडनला थॉमस हक्सली यांच्याकडे जीवशास्त्र शिकायला गेले. डार्विनची बाजू जाहीरपणे लढवणारे ते हेच हक्सली. गेडीस शिकले भरपूर, पण परीक्षा देऊन पदवी काही घेतली नाही. तरीही 1888 मध्ये डंडीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. नोकरीची अटच अशी ठरली होती की वर्षातून फक्त उन्हाळ्याच्या सत्रात शिकवायचं. उरलेले महिने मोकळे, आणि त्या मोकळ्या महिन्यांतच त्यांनी खरं काम केलं.

1886 मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. नवरा-बायको एडिनबरोच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या गचाळ वस्तीत राहायला गेले. प्राध्यापकाने चांगल्या भागातलं घर सोडून झोपडपट्टीत बिऱ्हाड मांडावं, हे लोकांना विचित्रच वाटलं असणार. तिथे त्यांनी काय केलं? शेजाऱ्यांना घेऊन भिंतींना रंग दिला, पडीक खोल्या दुरुस्त केल्या, मोडकळीला आलेली मधली बांधकामं काढून उजेड आत आणला आणि रिकाम्या तुकड्यांवर बागा लावल्या. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं काढली. अख्खी वस्ती पाडून नवी बांधायची, हा त्या काळचा सरधोपट उपाय. गेडीसांचा त्याला विरोध होता, आणि तो केवळ भावनेपोटी नव्हता. त्यांचा हिशोब साधा होता. शंभर घरं पाडून रुंद रस्ता केला तर त्या घरांतले लोक हवेत विरघळत नाहीत. ते शेजारच्या, आधीच भरलेल्या गल्लीत जातात. म्हणजे नकाशावर गर्दी कमी झाली आणि प्रत्यक्षात वाढली.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रस्ता रुंदीकरणाचे आधीचे आणि नंतरचे फोटो आपण रील्समध्ये बघतो, लाइक करतो. त्या फोटोत नसलेली माणसं कुठे गेली, हे कुठलाच फोटो सांगत नाही.

वरून खाली उतरणारा नकाशा

1892 मध्ये गेडीसांनी एडिनबरोच्या किल्ल्याजवळची एक उंच इमारत घेतली. तिचं नाव त्यांनी आउटलुक टॉवर ठेवलं. तिच्या माथ्यावर आधीपासूनच एक कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. हे तंत्र समजून घ्या, कारण तुमच्या खिशातला कॅमेरा त्याच घराण्यातला आहे. एक पूर्ण अंधारी खोली. छतावर फिरता आरसा आणि त्याखाली भिंग. बाहेरच्या शहराचा उजेड आरशावर पडतो, भिंगातून खाली येतो आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या गोल पांढऱ्या टेबलावर शहराचं जिवंत, हलतं चित्र उमटतं. चालणारी माणसं, धावणाऱ्या गाड्या, धुराडी, सगळं. फोनमध्ये टेबलाच्या जागी सेन्सर असतो आणि खोलीच्या जागी काही मिलिमीटरची पोकळी, एवढाच फरक.

गेडीसांनी या खेळण्याभोवती अख्खं संग्रहालय रचलं. आधी वर जाऊन शहराचं चित्र बघायचं. एक मजला खाली उतरलं की एडिनबरोची माहिती, त्याखाली स्कॉटलंड, त्याखाली इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप आणि तळमजल्यावर जग. गूगल मॅप्सवर दोन बोटांनी झूम आउट करतो ना, तेच, फक्त जिन्याने. क्रमही लक्षात घ्या. सुरुवात आपल्या गल्लीपासून आहे. हा टॉवर आजही उभा आहे आणि तो कॅमेरा आजही पर्यटकांना दाखवतात.

त्यांची दुसरी प्रसिद्ध आकृती म्हणजे नदीच्या खोऱ्याचा उभा छेद. डोंगरापासून समुद्रापर्यंत एक रेघ काढायची आणि त्या उतारावर कुठे कोण राहतं, काय काम करतं ते मांडायचं. वर खाणकामगार, लाकूडतोडे, शिकारी, मग मेंढपाळ, शेतकरी, आणि शेवटी समुद्राकाठी कोळी. शहर समजायचं तर आधी त्याचं खोरं समजून घ्या, असा त्यामागचा विचार. शहराची हद्द जिथे संपते तिथे त्याचं पाणी संपत नाही.

मी हा छेद गिरणेवर काढून पाहिला. गिरणा सह्याद्रीत उगम पावते, कळवणकडून चणकापूर धरण ओलांडून खाली येते. वर आदिवासी पाडे आणि जंगल. मग कसमादेचा पट्टा, कांदा आणि डाळिंब. मालेगावला बागलाणातून येणारी मोसम तिला मिळते. तिथे माग. पुढे गिरणा धरण, मग जळगावकडचा कापूस आणि केळी, मग तापी, आणि तापीच्या मुखाशी सुरत, म्हणजे परत कापड! एकाच पाण्याच्या रेघेवर कापडाची दोन मोठी शहरं. शाळेत भूगोल शिकताना हे मला कुणी एका चित्रात दाखवलं नव्हतं.

आता सुरुवातीचा घडीचा कागद परत काढा. गेडीसांनी त्याच्या तिरक्या रेघेतल्या तीन चौकोनांत तीन शब्द ठेवले होते: जागा, काम, माणसं. उरलेले सहा चौकोन या तिघांच्या जोड्यांचे. मालेगावसाठी भरू. जागा म्हणजे मोसम-गिरणेचा संगम, काम म्हणजे यंत्रमाग, माणसं म्हणजे उत्तर हिंदुस्थानातून येऊन वसलेले विणकर आणि आधीपासूनचे गावकरी. आता जोड्या. कामाने जागेचं काय केलं? घराला लागून पत्र्याचे कारखाने, भिंतींना बसणारे हादरे, हवेत सुताची धूळ, नदीत सांडपाणी. कामाने माणसांचं काय केलं? दोन पाळ्यांचं जगणं, मोठ्याने बोलायची सवय, शुक्रवारी माग बंद असताना जाणवणारी शांतता. जागेने माणसांचं काय केलं? नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं, आणि मधे पूल. भरत जा, दहा मिनिटांत तुम्हाला तुमच्या गावाविषयी एखादा असा प्रश्न सापडेल जो आधी पडला नव्हता.

बुडालेलं प्रदर्शन

1914 मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडीसांना भारतात बोलावलं. गेडीसांनी जगभरातल्या शहरांचे नकाशे, चित्रं आणि आराखडे जमवून एक मोठं प्रदर्शन तयार केलं होतं. ते जहाजावर चढवलं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हिंदी महासागरात धुमाकूळ घालणाऱ्या एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते मालवाहू जहाज बुडवलं. वर्षानुवर्षांचं काम, बॅकअप शून्य. दुसरा कुणी परत गेला असता. गेडीसांनी मित्रांना निरोप धाडले, नवा संच जमवला आणि 1915 च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन उघडलं.

त्यानंतरची जवळपास दहा वर्षं भारताची. मद्रास इलाख्यातली शहरं, मुंबई इलाख्यातली सहा शहरं, बडोदा, लखनौ, बलरामपूर, इंदूर, किती तरी ठिकाणांवर त्यांनी अहवाल लिहिले. पद्धत एकच. कचेरीत बसून नकाशावर पट्टी ठेवायची नाही. सकाळी उठून गल्लीगल्ली चालायचं. प्रत्येक घर बघायचं: चांगलं, दुरुस्त होण्यासारखं की पडायला आलेलं. विहीर, तळं, झाड, देऊळ, मशीद, लोक बसतात तो ओटा, बायका पाणी भरतात ती वाट, सगळं नोंदवायचं. मग खरोखर पडकी झालेली घरं तेवढी काढायची, त्या रिकाम्या जागा एकमेकींना जोडून छोटे चौक करायचे, तिथे झाड लावून पार बांधायचा. रस्ता सरळच हवा असा हट्ट नाही. चांगलं घर मधे आलं तर रस्त्याने वळसा घ्यावा. डॉक्टर जसा अवयव वाचवून ऑपरेशन करतो तसं. खर्चही मूळ पाडापाडीच्या योजनेपेक्षा फार कमी यायचा, आणि बेघर होणारे लोकही.

तळ्यांवरून त्यांचं आरोग्य खात्याच्या विचाराशी जमत नसे. मलेरियाच्या भीतीने जुनी तळी बुजवायची लाट आली होती. गेडीस मुळात जीवशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की तळं साफ करा, त्यात मासे सोडा, बदकं पाळा, ती डासांच्या अळ्या खातील. तळं बुजवलं तर भोवतालच्या विहिरींचं पाणी खाली जाईल आणि उन्हाळ्यात हवा तापेल. सांडपाण्याविषयीही तेच. मोठमोठी गटारं बांधून घाण नदीत नेऊन ओतण्यापेक्षा ती बागांच्या मातीत जिरवा. सगळ्याच ठिकाणी हे जमलं असतं असं मला वाटत नाही. लाखोंच्या शहराचा मैला बागेत मावत नाही. पण मोसमपुलावर नाक दाबून उभं राहिलं की नदीत नेऊन ओतण्याचा मार्गही फार शहाणपणाचा होता असं म्हणवत नाही.

एक दिवसाचा महाराजा

इंदूर. होळकरांचं संस्थान, 1917 साल. शहरात प्लेग, आणि गेडीस मोजमापं घेत हिंडताना लोकांना वाटे, हा गोरा साहेब आपली घरं पाडायला आलाय. लोक त्यांना बघून दूर सरत. नंतर गेडीसांनी स्वतः सांगितलेली हकिकत अशी की त्यांनी दरबाराकडे एक अजब मागणी केली: मला एक दिवसासाठी महाराजा करा. परवानगी मिळाली. मग दवंडी पिटली की यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. जो भाग सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असेल तिथून जाईल.

झालं! मोहल्ल्यामोहल्ल्यांत चुरस लागली. लोकांनी घरांना चुना दिला, वर्षानुवर्षांचा कचरा बाहेर काढला, तो हजारो गाड्या भरून नेण्यात आला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. त्यामागे रोगराईची सोंगं, अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर. मग पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार, नवे झाडू घेऊन. मग लक्ष्मी आणि नव्या शहराची देवता, मग निरनिराळे कारागीर. लोकांना रोपं वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले, आतषबाजी झाली.

आजच्या भाषेत याला गेमिफिकेशन म्हणतात. फिटनेस ॲपमध्ये स्ट्रीक तुटू नये म्हणून रात्री अकराला चालायला जाणाऱ्यांना त्याची ताकद माहीत आहे. पण मला त्या मिरवणुकीतले सफाई कामगार विसरता येत नाहीत. एक दिवस हार, दुसऱ्या दिवशी तोच झाडू, त्याच जातीच्या हातात. गेडीसांना गल्लीतली हवा दिसली, पण ती गल्ली कोणी झाडायची हे कोण ठरवतं, यावर त्यांनी फारसं बोट ठेवलं नाही. इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये आला. 2017 मध्ये, म्हणजे त्या दिवाळीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, इंदूर देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं आणि पुढेही येत राहिलं. दोन्हींचा थेट संबंध जोडायला माझ्याकडे काही आधार नाही, पण योगायोग छान आहे.

तेच 1917 साल गेडीसांच्या घरावर मात्र कोसळलं. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. त्या वेळी ॲना भारतातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडीसांनी त्यांना मुलाचं कळू दिलं नाही. जूनमध्ये त्याही गेल्या, मुलगा जिवंत आहे असं समजून. इंदूरची ती दिवाळी याच्या काही महिन्यांनंतरची.

मुंबईचा वर्ग

1919 मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि गेडीसांना प्राध्यापक नेमलं. वय पासष्ट. वर्गात ते दाढीतल्या दाढीत पुटपुटत, मागच्या बाकावर काही ऐकू जात नसे, आणि विषय एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाई. आजच्या भाषेत सांगायचं तर कंटेंट जबरदस्त, ऑडिओ खराब. व्यवस्थापनात कच्चे, पैशात त्याहून कच्चे. आणि सगळेच विचार काळाच्या पुढे होते असंही नाही. जे. आर्थर थॉमसन यांच्यासोबत 1889 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी बायका-पुरुषांच्या स्वभावातले फरक जीवशास्त्रातून सिद्ध करायचा प्रयत्न केला होता, तो आज वाचवत नाही.

भारतातल्या त्यांच्या बहुतेक योजना कागदावरच राहिल्या. पण त्यांनी विचारलेला प्रश्न पुढे प्रयोगांतून तपासला गेला. 1984 मध्ये रॉजर उलरिक यांचा एक गाजलेला शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या त्यांनी तपासल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळं ठरत नाही. तरी खिडकीबाहेर काय आहे याची नोंद वैद्यकीय कागदावर येऊ शकते, हे त्याने दाखवलं. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत मालेगाव कोरोनाचं हॉटस्पॉट झालं, तेव्हा अंतर राखा म्हणून सांगत गाड्या फिरत होत्या आणि एकेका खोलीत आठ-दहा माणसं होती. घराचा आकार हाच तिथे आरोग्याचा प्रश्न होता.

गेडीसांच्या सर्व्हेला लागणारी बरीच साधनं आज फोनमध्ये आहेत. साउंड मीटरचं ॲप डेसिबल दाखवतं. (दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे आकडा थोडासाच वाढलेला दिसला तरी फसू नका.) बहुतेक फोनमध्ये स्क्रीनच्या वरच्या कडेला उजेड मोजणारा सेन्सर असतो, त्यावरून घराच्या आतल्या खोलीत दुपारी किती लक्स उजेड येतो ते कळतं. इस्रोच्या भुवनवर वरून पाहता येतं, ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या गल्लीतली विहीर, झाड आणि पाणपोई स्वतः नोंदवता येते. ही मोजमापं प्रयोगशाळेइतकी काटेकोर नसतात, पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला पुरतात.

1924 मध्ये तब्येतीमुळे गेडीस भारत सोडून फ्रान्समध्ये माँपेलियेला गेले. तिथे त्यांनी आणखी एक कॉलेज काढलं, मधेच तेल अवीव शहराचा आराखडा केला. पूर्वी नाकारलेला सर हा किताब 1932 मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी 17 एप्रिलला ते वारले.

मुंबईच्या विभागाची खुर्ची 1924 मध्ये आमच्या कोकणातल्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. संस्कृतचा हा विद्यार्थी गेडीसांच्या वर्गात बसला होता. मुंबई शहरावर लिहिलेल्या निबंधामुळे गेडीसांनी त्याला हेरलं आणि शिष्यवृत्तीवर इंग्लंडला पाठवलं. घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या. याच इरावतीबाईंनी जाई निंबकरांसोबत कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली: कोण कुठे गेलं, जमीन मिळाली का, घर कसं बांधलं, गावातली कुठली माणसं कुठे विखुरली. डेक्कन कॉलेजने ती 1969 मध्ये छापली. तोवर ती गावं पाण्याखाली जाऊन काही वर्षं झाली होती.